टेलोमिअर वाढवणाऱ्या गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न : माझं वय ५४ आहे. गुणसूत्रांच्या टोकाला टेलोमिअर असतात आणि ते झिजतात म्हणून आपण म्हातारे होतो, असं वाचलं. ते वाढवायच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात, घेऊ का? आणि म्हातारपण लांबवणारं औषध खरंच येईल का हो कधी?

उत्तर : गोळ्यांचे पैसे वाचवा, हे आधीच सांगून टाकतो.

तुम्ही वाचलंत ते चूक नाही, फक्त अर्धं आहे. टेलोमिअर म्हणजे डीएनएची टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं, तीच तीच, हजारो वेळा. पेशी विभागली जाताना डीएनएची कॉपी निघते पण अगदी टोकापर्यंत कॉपी होतच नाही, मग दर वेळी शेवटचा थोडा तुकडा गळतो. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं की माणसाच्या पेशी काचेच्या बशीत साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात, ते टेलोमिअर फार आखूड झाल्यामुळे, हे बरंच नंतर कळलं. टोक पुन्हा वाढवणारं टेलोमरेज नावाचं एन्झाइमही सापडलं, २००९ चं नोबेल याच कामाला मिळालं. इथपर्यंत ऐकलं की वाटतं, झालं, द्या ते एन्झाइम!

पण कॅन्सरच्या १० पैकी ८-९ गाठींमध्ये हेच एन्झाइम चालू झालेलं असतं. म्हणजे टेलोमिअरचं झिजणं हा पेशींच्या बेलगाम वाढीवरचा एक ब्रेकसुद्धा आहे, आणि तो काढून टाकायचं आपण फार सहज बोलतो. शिवाय लॅबमधल्या उंदराचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात, तरी तो जगतो जेमतेम २-३ वर्षं. आणि मेंदूतल्या पेशी तर बहुतेक विभागतच नाहीत, त्या का म्हाताऱ्या होतात मग? तिथे कारणं वेगळी, बिघडलेली प्रोटीन्स साचणं, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया थकणं वगैरे.

औषधाचं म्हणाल तर मला स्वतःला रॅपामायसिनमध्ये जास्त दम वाटतो. २००९ च्या प्रयोगात उंदरांना ते ६०० दिवसांचे झाल्यावर सुरू केलं, म्हणजे आपल्या हिशेबात साठीच्या आसपास, तरी आयुष्य वाढलं! फक्त हे औषध मुळात किडनी बदललेल्या पेशंटना देतात, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून, म्हणजे ते प्रतिकारशक्ती दाबतं. माणसाचं आयुष्य त्याने वाढतं असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, तेव्हा तेही स्वतःच्या मनाने सुरू करू नका.