डिप्लोमा मेकॅनिकलनंतर ट्रकच्या वर्कशॉपमध्ये ॲप्रेंटिसशिप करावी का? मित्र म्हणतात, तिथे वर्षभर पाने पुसायला लावतात.

मित्र अगदीच खोटं बोलत नाहीत. मी 2021 मध्ये डिप्लोमा संपवून पुण्याजवळ सातारा रस्त्यावरच्या एका ट्रक डीलरच्या वर्कशॉपला लागलो आणि पहिले दोन महिने खरोखर पाने पुसले. पाने पुसले, हाऊसिंगवरचा चिखल खरवडला, डिझेलच्या ट्रेमध्ये बेअरिंगं धुतली. कॉलेजात कापून ठेवलेलं, लाल-निळं रंगवलेलं इंजिन पाहिलं होतं. इथे गाडीखाली शिरल्यावर कुठला पार्ट कुठे संपतो तेच कळेना.

मला ज्यांच्या हाताखाली दिलं त्यांना सगळे मामा म्हणायचे. शिक्षण सातवी, गाड्यांवर तीस वर्षं. मला ते ‘काय इंजिनेर’ अशीच हाक मारायचे, आणि त्यात कौतुक नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात मी एक घोळ घातला. एका दहाचाकीचं पुढचं चाक हब (चाकाचा मधला, बेअरिंगवर फिरणारा भाग) ग्रीसिंगला काढलं होतं. मामा दुसऱ्या गाडीवर होते, म्हणून हब मीच परत बसवला. नट सैल राहिला तर चाक निघून जाईल या भीतीने टॉमीला, म्हणजे पाना फिरवायच्या दांड्याला, पाइप लावून चांगला आवळला. वर लॉक प्लेट, वर टोपी. गाडी गेली. दुपारी शिरवळहून ड्रायव्हरचा फोन, ‘चाकातून जळका वास येतोय.’

मामांनी मला व्हॅनमध्ये बसवलं. वाटेत एक शब्द बोलले नाहीत, ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. शिरवळला टोपी काढली तर ग्रीस पातळ होऊन वाहिलेलं आणि बाहेरच्या बेअरिंगचे रोलर निळे पडलेले. बेअरिंग तापलं की फुगतं, त्याला थोडी जागा लागते. मी ती ठेवलीच नव्हती. नवं बेअरिंग घालून मामांनी पाना माझ्याच हातात दिला. ‘एका हाताने हब फिरव, दुसऱ्याने आवळ. जड लागलं? थांब. आता मागे घे. आता धरून हलव. खेळ हाताला लागला पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये.’ पुस्तकात याला एंड प्ले म्हणतात आणि परीक्षेत मी त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

म्हणजे मेकॅनिकलाच सगळं कळतं आणि आपलं शिक्षण फुकट, असं मला म्हणायचं नाही. उलटंही घडलं.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या, गाड्या आल्या. त्यांच्या सायलेन्सरच्या बाजूला धूर साफ करायची सगळी यंत्रणा असते आणि डिझेलशिवाय युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी. त्या द्रावणात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी लागतं. एक गाडी आली, जॉब कार्डावर (गाडीची तक्रार लिहायच्या कागदावर) लिहिलेलं: ‘पिकअप कमी’. मामांनी डिझेल फिल्टर बदलला, एअर काढली, गाडी फिरवून आणली. फरक शून्य. मग एअर लाइनवर संशय, मग टर्बोवर. ड्रायव्हर टायरला टेकून बिडी ओढत होता. मी सहज त्याला विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, खंबाटकी घाट चढताना गाडी अचानक उठेना. त्याआधी काय केलं होतं? काही नाही, रस्त्यावर स्वस्तात युरियाचा कॅन मिळाला तो ओतला.

आमच्याकडे एक छोटी दुर्बिणीसारखी नळी होती, रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं, निळ्या-पांढऱ्याची हद्द 32.5 वर यायला हवी. ती आली 21 च्या आसपास. टाकीत एक तृतीयांश वरचं पाणीच होतं म्हणा ना. धूर हवा तसा साफ होत नाही हे कळल्यावर इंजिनचा कंट्रोलर स्वतःच ताकद कमी करतो. फिल्टर बदलून त्याला काय होणार? टाकी रिकामी करून धुतली, चांगला युरिया भरला, लॅपटॉप लावून एरर काढला.

त्यानंतर सकाळचा एक तास मला जॉब कार्ड लिहायला बसवायला लागले. मी एकच पथ्य पाळलं: ड्रायव्हर जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. ‘ब्रेक प्रॉब्लेम’ लिहिलं की मेकॅनिक लायनर उघडतो. ‘रात्री उभी केली की सकाळी हवा भरेपर्यंत हलत नाही’ लिहिलं की तो आधी हवेची गळती शोधतो. कारण मागच्या चाकांचा पार्किंग ब्रेक हवेने लागत नाही, स्प्रिंगने लागतो, हवा फक्त त्या स्प्रिंगला मागे दाबून धरते. हवा गेली की ब्रेक लागलाच. मला वाटतं डिप्लोमावाल्याचं खरं काम तिथेच असतं, ड्रायव्हरच्या तोंडच्या तक्रारीत आणि मामांच्या पान्यात जे अंतर असतं त्यात. माझे काही सोबती वर्षभर वॉरंटीच्या फायली लावत बसले, एसीत. त्यांचं वर्ष मात्र वाया गेलं.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर: मागच्या चाकाजवळ जो जोडडबा दिसतो त्याचा क्लॅम्प कुणी कितीही घाई केली तरी तुम्ही उघडू नका. आतली स्प्रिंग दाबून भरलेली असते, ती सुटली की माणूस मारते. आणि टिपरची बॉडी नुसती वर उचललेली असेल, खाली टेका नसेल, तर पाना खाली पडलाय म्हणूनही आत वाकायचं नाही. मामा हे रोज सांगायचे. मला तेव्हा कंटाळा यायचा.

पैशाचं सांगतो. 2019 च्या नियमांत डिप्लोमाधारकाला किमान 8000 आणि पदवीधराला 9000 रुपये विद्यावेतन होतं. मला आठच मिळायचे. खोली आणि मेस यातच ते संपायचे. घरून मागावे लागले. सध्याचा आकडा रुजू होण्याआधी बघून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचा करार नॅट्सच्या (सरकारच्या ॲप्रेंटिसशिप योजनेच्या) पोर्टलवर नोंदवला आहे का ते विचारा. नोंद असेल तरच शेवटी मुंबईच्या बोट (बोर्ड ऑफ ॲप्रेंटिसशिप ट्रेनिंग) कार्यालयाचं प्रमाणपत्र मिळतं, नाहीतर कागदावर तुम्ही ते वर्ष कुठेच नव्हता. आणि इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, इलेक्ट्रिकल असं फिरवतात की एकाच जागी ठेवतात, हेही तोंडावर विचारा. विचारल्याचा राग आला तर तेही एक उत्तरच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, पानेपेट्या धुऊन मांडल्या, झेंडू घातला. मामांनी हळदकुंकू लावून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हटलं, ‘लॅपटॉप पण आण की रे.’ त्या दिवशी ‘इंजिनेर’ म्हणाले नाहीत.

मी आता चंद्रपूरकडे खाणीतल्या टिपरांवर सर्व्हिस इंजिनिअर आहे. नखं अजून काळीच आहेत, लग्नाच्या फोटोतसुद्धा. जाणार असाल तर सेफ्टी शूज एक नंबर मोठे घ्या. तीन वाजल्यानंतर पाय सुजतात.