कंसातलं वाक्य

*प्रिय ताई,*
*मी 41 वर्षांची, हायस्कूलमध्ये गणित शिकवते. गेले 8 महिने उजव्या कानात रातकिड्यासारखा बारीक, न थांबणारा आवाज आहे. कानाच्या डॉक्टरांकडे ऐकण्याची चाचणी झाली, सगळं नॉर्मल. गोळ्या चालू आहेत, फरक नाही. मग दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मी झोपेत दात खाते आणि जबड्याचा सांधा बिघडलाय. त्यांनी रात्री दातांवर बसवायला कडक पट्टी करून दिली, ती रोज लावते. सकाळी जबडा आखडलेला असतो, जांभई देताना कट्ट वाजतं. (जबडा पुढे काढला की आवाज बदलतो, हे मी दिवसातून कितीदा तरी करून बघते.) पण माझं खरं दुखणं नवऱ्याचं आहे. त्यांना हे मनाचे खेळ वाटतात. मला रात्री शांतता लागते, त्यांना पंख्याशिवाय झोप येत नाही. म्हणून दोन महिने मी हॉलमध्ये पंखा बंद करून, दारं-खिडक्या लावून झोपते. 'आज कसं आहे?' एवढंही ते विचारत नाहीत. दुसरे एक डॉक्टर म्हणतात, सगळ्या दाढांना कॅप बसवून उंची वाढवली की आवाज जाईल. त्या खर्चाचं नाव काढलं तर दोन दिवस अबोला. माझा आवाज खरा आहे हे त्यांना कसं पटवू?*
*— कान किटलेली, सातारा*

बाई,

तुमच्या पत्रात नवरा शेवटपर्यंत आहे आणि जबडा पुढे काढून बघणं एका वाक्यात, तेही कंसात. कंचेभागुबेव. कंस आधी सोडवायचा, हे तुम्ही मुलांना रोज सांगता. मीही तिथूनच सुरुवात करते, आणि खरं सांगायचं तर माझं सगळं उत्तर त्या कंसाबद्दलच आहे.

त्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. पहिली तुम्हाला कळलेली आहे: जबडा हलला की आवाज बदलतो. कानाकडून आलेला मज्जातंतू मेंदूच्या बुंध्याशी ज्या पहिल्या थांब्यावर पोचतो, त्याच थांब्यावर जबड्याकडून आणि मानेकडून आलेले फाटेही येऊन मिळतात. सांधा दुखावलेला असला, चावण्याचे स्नायू रात्रंदिवस ताणलेले असले, की तिकडून नको एवढे निरोप येत राहतात. मग बाहेर काहीही वाजत नसताना त्या थांब्यावरच्या पेशी 'आवाज आहे' असं पुढे कळवतात. नुसता आवाज बदलतो एवढ्यावर निदान होत नाही, कारण मूळ कानातच असलेल्या पुष्कळांनाही दात आवळल्यावर फरक जाणवतो. पण तुमच्याकडे सकाळचा आखडलेला जबडा आहे, वाजणारा सांधा आहे, झोपेत दात खाणं आहे आणि चाचणीत कान ठीक आहेत. हे सगळं शेजारी शेजारी मांडलं की दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं पटतं. तुमचा आवाज खरा आहे. त्यासाठी नवऱ्याचं शिफारसपत्र लागत नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला कळलेली नाही. ती 'कितीदा तरी करून बघते' या शब्दांत आहे. अर्ध्या तासाला एकदा धरलं तरी जागेपणीच्या 16 तासांत 32 वेळा. आठ महिन्यांचे साडेसात हजारांच्या वर. दुखावलेला सांधा तुम्ही साडेसात हजार वेळा त्याच्या जागेवरून पुढे ओढलात आणि पत्रात ते कंसात टाकलंत!

सांधा कसा चालतो ते बघा. कानाच्या भोकाच्या अगदी समोर जबड्याच्या हाडाचा गोल माथा खाचेत बसलेला असतो आणि मध्ये एक चिवट, पातळ चकती असते. तोंड उघडताना किंवा जबडा पुढे काढताना माथा आणि चकती जोडीनं पुढे उतारावर सरकतात. तुमची चकती जागेवरून थोडी घसरलेली असणार, म्हणून जांभईच्या वेळी ती परत माथ्यावर चढताना कट्ट वाजतं. नुसतं वाजणं, न दुखता, हा आजार नव्हे. पुष्कळ लोकांचे जबडे जन्मभर वाजतात. पण जबडा पुढे ओढणारा स्नायू लहान असतो, गालामागे खोल असतो, बाहेरून बोटानं नीट दाबताही येत नाही. तो दिवसातून तीस-तीस वेळा ताणून धरलात की तो दुखरा होणार, आणि दुखऱ्या स्नायूचे निरोप पुन्हा त्याच थांब्यावर जाणार. खपली धरली का हे बघायला रोज ती उचकटायची, आणि जखम बरी का होत नाही म्हणून तीन डॉक्टर बदलायचे, असं चाललंय तुमचं.

शिवाय मेंदूचं आहेच. तो बिनकामाचे आवाज गाळून टाकतो. फ्रिजची घरघर, घड्याळाची टिकटिक तुम्हाला दिवसभर ऐकू येत नाही. तुम्ही मात्र दर अर्ध्या तासाला या एका आवाजाची हजेरी घेता. ज्याची रोज हजेरी घेतली जाते त्याला मेंदू गाळणार कसा?

म्हणून माझं सांगणं एकच आहे. जबडा पुढे काढून बघणं बंद. सहा आठवडे, एकदाही नाही. तपासायचंच असेल तर तुमचे दातांचे डॉक्टर त्यांच्या खुर्चीत तपासतील.

हे म्हणायला सोपं आहे, करायला नाही, हे मला माहीत आहे. ही सवय हाताच्या, डोळ्यांच्या नकळत होते. पहिले दोन दिवस काहीही थांबवू नका. वहीच्या मागच्या पानावर, जबडा पुढे गेला की एक रेघ ओढा. आवाज किती होता ते लिहायचं नाही, फक्त रेघ. कोणत्या वेळी रेघा दाट होतात ते दिसेल. बहुधा सकाळी डोळा उघडल्यावर, न्हाणीघरात, आणि शाळेच्या गोंगाटातून घरच्या शांततेत पाऊल टाकल्यावर. तिसऱ्या दिवसापासून, जबडा पुढे न्यावासा वाटला की त्याऐवजी हे करा. 'न' म्हणा आणि जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या; टोक वरच्या दातांच्या किंचित मागे, टाळूला हलकंसं टेकलेलं, दातांवर रेटलेलं नाही. ओठ मिटलेले, दात मात्र एकमेकांपासून दोन-तीन मिलिमीटर सुटे. खांदे खाली सोडा. नाकानं सहा सावकाश श्वास. जीभ अशी असताना जबडा पुढे काढणं आणि दात आवळणं दोन्ही अवघड जातं, म्हणून ही जागा निवडायची. चावणं आणि गिळणं सोडलं तर दिवसभरात वरचे-खालचे दात एकमेकांना लागायला नकोत. बंद तोंडात दात टेकलेलेच असतात ही समजूत चुकीची आहे. शाळेत तुम्हाला फुकटची आठवण आहे: तासाची घंटा. प्रत्येक घंटेला 'न'.

पहिले आठ-दहा दिवस आवाज वाढल्यासारखा वाटू शकतो. क्षणभराचा तो बदल म्हणजे तुमचा विरंगुळा होता, तो गेलेला असतो. घाबरून सातव्या दिवशी 'एकदाच' बघू नका. बघितलंत तर चडफडू नका, पुढच्या घंटेपासून परत सुरू.

सांध्याला या काळात थोडी सोबत द्या. पातळ टॉवेल सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून दोन्ही गालांवर आणि कानशिलांवर दहा-पंधरा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. मग गालाच्या हाडाखालून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत दोन बोटांनी लहान गोलाकार चोळा, एका बाजूला एक मिनिट, दात सुटे ठेवून. हे रेडिओ लावून करा, कारण चोळतानाही आवाज बदलतो आणि तुम्ही ऐकत बसाल. दोन-तीन आठवडे भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून खा. घास दोन्ही बाजूंनी चावा. एकाच बाजूनं चावायची खोड लागलेली असते. ऊस, चिक्की, सुपारी, चिंगम बंद. पेरू आणि कणीस दातांनी तोडायचं नाही, कापून किंवा दाणे काढून. जांभई आली की जीभ टाळूला लावून ठेवा आणि हनुवटीखाली मूठ धरा, तोंड आपोआप बेताचं उघडेल. पेपर तपासताना हनुवटीला हात लावून बसता का, लाल पेन दातांत धरता का, फोन खांद्यावर मान वाकडी करून धरता का, हे मात्र मला पत्रावरून कळत नाही. तुम्हाला कळेल.

पट्टी लावता हे फार चांगलं करता. ती कडक अॅक्रिलिकची, एका जबड्याचे सगळे दात झाकणारी असावी. ती बसवून झालं की काम संपत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ती घेऊन पुन्हा जायचं. रंगाचा कागद चावायला देऊन डॉक्टर ठसे बघतात आणि जिथे एकच दात जास्त टेकतो तिथे घासून सारखं करतात. हे झालं नसेल तर पट्टी असून सकाळी जबडा आखडतो. गार पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं ती वाकडी होते. आणि सकाळी पट्टी काढल्या काढल्या 'आज कमी आहे का' म्हणून जबडा पुढे न्यायचा नाही.

दाढांच्या कॅपला स्पष्ट नाही म्हणा. 1934 साली अमेरिकेत सेंट लुइसच्या जेम्स कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानाच्या तक्रारी आणि जबड्याचा सांधा यांचा संबंध मांडला. त्यांचं निरीक्षण टिकलं. पण त्यांनी दिलेलं कारण, म्हणजे दाढा गेल्यानं जबडा जास्त मिटतो आणि माथा मागे कानाकडे दाबला जातो, ते पुढे टिकलं नाही. दातांची उंची वाढवून आवाज घालवण्याची कल्पना त्याच जुन्या कारणाची आहे. चांगले दात कॅपसाठी एकदा घासले की ते परत येत नाहीत, आणि आवाज जाईल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. पट्टी काढून ठेवता येते, कॅप काढून ठेवता येत नाही. या एका बाबतीत तुमचा नवरा बरोबर आहे, त्याची कारणं काहीही असोत.

गोळ्यांचं थोडक्यात. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक आणि मेलाटोनिन या आवाजासाठी देऊ नयेत असं अमेरिकेतल्या कानाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2014 मध्ये सांगितलं; बीटाहिस्टिन ही चक्करेवरची गोळी नुसत्या कानातल्या आवाजासाठी देऊ नये असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2020 मध्ये सांगितलं. चिठ्ठी घेऊन जा आणि यातली कोणती कशासाठी आहे ते विचारा. झोपेची किंवा मन शांत करणारी गोळी असेल तर मनानं बंद करू नका. आवाज एकाच कानात आहे, म्हणून एमआरआय लागतो का, हेही त्याच भेटीत सरळ विचारा. आवाज नाडीच्या ठोक्यावर पडू लागला किंवा चक्कर येऊ लागली तर लवकर दाखवायचं. एका कानानं अचानक कमी ऐकू आलं तर त्याच दिवशी जायचं, तिथे दिवस मोजावे लागतात.

आता हॉल. दारं लावून, पंखा बंद करून तुम्ही जी शांतता मिळवता, ती झोपेसाठी आहे असं तुम्हाला वाटतं. मला ती त्याच कंसाचा रात्रीचा भाग वाटते. संपूर्ण शांततेत कानातल्या आवाजाशी स्पर्धा करायला काहीच उरत नाही, तो स्वच्छ ऐकू येतो, आणि तुम्ही पडल्या पडल्या त्याची तपासणी करता. तुम्हाला लागतो तो दुसरा एक साधा, एकसुरी आवाज, कानातल्या आवाजापेक्षा जरासा खाली. त्याला बुडवायचं नाही, त्याच्याशेजारी बसवायचं. कानात बोळे नकोत, रात्रभर इअरफोन नकोत. खोलीतला पंखा त्या कामाला पुरतो. दोन महिने ज्या पंख्यासाठी तुम्ही भांडताय तोच तुमचं औषध आहे. आज रात्री खोलीत परत जा. हा समेट नव्हे, उपचार आहे. समेटाचं तुमचं तुम्ही बघा.

सहा आठवड्यांनी आवाज पूर्ण जाईल असं मी लिहिणार नाही. काहींचा जातो, बऱ्याच जणांचा कमी होतो, काहींचा राहतो पण दिवसातले कित्येक तास आठवत नाही. त्या आठवत नसलेल्या तासांसाठीच हे सगळं. एवढं करूनही झोप आणि शिकवणं अवघडच राहिलं, तर सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा बोलण्यातला उपचार, करणाऱ्या मानसतज्ज्ञांकडे जा. ते मनाचे खेळ आहेत म्हणून नाही, तर त्रास कमी करण्याबाबत ज्याचा चांगला पुरावा आहे अशा मोजक्या उपायांपैकी तो एक आहे म्हणून.

आणि नवऱ्याला काही पटवू नका. 'आज कसं आहे?' हे ते विचारत नाहीत याचं तुम्हाला वाईट वाटतं, ते मला समजतं, पण पुढचे सहा आठवडे हा प्रश्न कोणीच विचारायला नको. त्यानं पुन्हा हजेरीच होते. त्यांच्याकडून विश्वास मागू नका, एक काम मागा. जेवताना, टीव्ही बघताना तुमचा जबडा पुढे गेलेला दिसला, की त्यांनी काही न विचारता फक्त 'न' म्हणायचं.