वाचकांचे प्रश्न : प्रभागाची रचना आणि रस्त्यांचा पैसा

प्रश्न : आमच्या प्रभागाला चार नगरसेवक आहेत. रस्त्याची तक्रार घेऊन एकाकडे गेलो की तो दुसऱ्याकडे पाठवतो. एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडण्याचा निर्णय नागपूर महापालिकेची सभा घेऊ शकत नाही का? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : सभा तसा ठराव करू शकते, परंतु त्याला शिफारशीपलीकडे बळ नसते. प्रभागातून किती सदस्य निवडायचे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार ठरते आणि त्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे. निवडणूक घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाचे. आपल्या शहराने २००७ मध्ये एकसदस्यीय, २०१२ मध्ये द्विसदस्यीय आणि २०१७ मध्ये चारसदस्यीय प्रभागांतून नगरसेवक निवडले. हे बदल राज्य पातळीवर ठरले. सध्याच्या १५१ जागा ३८ प्रभागांत आहेत, त्यांपैकी ३७ प्रभागांत चार आणि एका प्रभागात तीन.

या पद्धतीत महिला व मागासवर्गीयांच्या राखीव जागा आणि खुली जागा एकाच प्रभागात बसवता येतात, हा तिचा खरा लाभ आहे. तरीही आपण सांगता ती अडचण मला त्याहून मोठी वाटते, कारण चौघांची जबाबदारी म्हणजे व्यवहारात कोणाचीच नाही. शहराच्या हाती प्रभावीपणे एकच गोष्ट असते : प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध झाल्यावर मुदतीत लेखी हरकत नोंदवणे. तिची सुनावणी होते, म्हणून ही संधी सोडू नये.

प्रश्न : गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते होत आहेत. हा पैसा येतो कुठून? महापालिकेने रस्त्यांसाठी कर्ज काढावे, की मालमत्ता कर वाढवावा? (एक वाचक, नंदनवन)

उत्तर : वाहन घेताना आपण जो मोटार वाहन कर भरतो, तो राज्याच्या तिजोरीत जातो. रस्त्याची झीज गाडीमुळे होते, पण महापालिकेच्या रस्त्याचा भार घरमालकावर येतो. जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला आणि जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करापोटी राज्याकडून दरमहा भरपाईचे अनुदान मिळते. त्या रकमेत दरवर्षी आठ टक्के वाढीची तरतूद आहे. हे अनुदान नियमित असले तरी त्याचा दर शहराला ठरवता येत नाही. स्वतःच्या हातातले मुख्य साधन मालमत्ता करच. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांना दिलेले अनुदान हवेची गुणवत्ता, पाणी व घनकचरा यांच्याशी बांधलेले होते, त्यामुळे ते डांबर-सिमेंटकडे सरसकट वळवता येत नव्हते. टोलचा मार्गही नागपूरने पाहिला आहे : एकात्मिक रस्ते विकास योजनेतील कामांसाठी शहराच्या वेशीवर नाके उभे राहिले होते. गल्लीतल्या रस्त्यासाठी तो उपाय निरुपयोगी आहे.

कर्जाला राज्य शासनाची मंजुरी लागते. माझे मत असे की, रस्ता जितकी वर्षे टिकेल त्याहून अधिक काळाचे कर्ज काढणे हा पुढच्या पिढीवर अन्याय आहे. सिमेंट रस्त्याचा आराखडा साधारणपणे तीस वर्षांचा धरतात, तेव्हा मुख्य मार्गांसाठी कर्ज समजण्यासारखे आहे. खड्डे बुजवणे आणि डांबराचा नवा थर ही वारंवारची कामे. ती त्या-त्या वर्षीच्या महसुलातूनच झाली पाहिजेत. आधी थकबाकी वसूल करावी आणि त्यानंतरच करवाढीचा विचार करावा, कारण नियमित भरणाऱ्यावर थकबाकीदाराचे ओझे टाकणे मला मान्य नाही.

मात्र तीस वर्षे टिकणारा रस्ता चुकीच्या पातळीवर झाला तर त्रासही तीस वर्षांचा होतो. जुना थर न खरवडता वरून सिमेंट ओतले की रस्ता ओट्याच्या वर जातो आणि पावसाचे पाणी उंबरठा ओलांडून आत शिरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांचे काय हाल झाले, हे शहर विसरलेले नाही. पाण्याला वाट राखणे हा रस्त्याच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे. म्हणून काम सुरू होताच कनिष्ठ अभियंत्याकडे अंदाजपत्रक मागा आणि त्यात जुना थर काढण्याची व पावसाळी नालीची बाब आहे का ते पाहा. दोष दायित्व कालावधी किती आहे हेही विचारून ठेवा. त्या मुदतीतील दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते.

एक गोष्ट मनाला लागून राहते. संविधानाच्या २४३-यू अनुच्छेदाप्रमाणे मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हायला हवी. परंतु मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, आरक्षण व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात राहिले आणि मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधल्या काळात स्थायी समितीचे व सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते, म्हणजे रस्त्यांवरील खर्चही निवडून आलेल्या सभागृहातील चर्चेशिवाय मंजूर झाला. कर देणाऱ्याचा प्रश्न विचारण्याचा हक्क त्या वर्षांत सभागृहात कोणी बजावला नाही, याचे दुःख आहे.

प्रश्न : आमच्या रस्त्याचे भूमिपूजन झाले, पण आचारसंहितेमुळे काम थांबले असे सांगतात. हे खरे आहे का? (एक वाचक, जरीपटका)

उत्तर : नारळ फुटल्याने काम सुरू झाले असे धरले जात नाही. जागेवर प्रत्यक्ष काम चालू असेल तर ते आचारसंहितेतही पुढे नेता येते. कार्यादेश निघूनही काम सुरू झाले नसेल तर निकालापर्यंत थांबावे लागते. झोन कार्यालयात कार्यादेशाची तारीख व काम सुरू केल्याची नोंद मागा. आचारसंहिता संपल्यावरही काम अडले असेल, तर तिचे कारण पुढे करता येणार नाही आणि उपअभियंत्याने आपल्याला लेखी उत्तर द्यावे, असा आग्रह धरा.