लेकरू तीन वर्षांचं झालं, आता पुढं काय?

दसरा जवळ आला की आमच्याकडं येणारी पत्रं आणि मेसेज एकदम वाढतात. या वेळी बहुतेक सगळे लहान लेकरांबद्दलच होते म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच ठेवलाय. मी आधी अंगणवाडी सेविका होते, नंतर पर्यवेक्षिका म्हणून बीड आणि लातूर जिल्ह्यांत फिरले, त्यामुळं जे लिहिते ते बघून लिहिते. नावं कुणाचीच छापत नाही.

ताई, दोन एकर कोरडवाहू आहे, केज तालुका. पोरगा सव्वातीन वर्षांचा. गावात अंगणवाडी आहे पण तिथं नुसतं गाणे म्हणतेत आन खिचडी खातेत, लिहायला काहीच देत नाहीत. तालुक्याला इंग्लिश मिडियमची नर्सरी निघालीय, फी २२ हजार, व्हॅनचे वेगळे. घरची म्हणते बचत गटातून कर्ज काढू. भावाचा पोरगा तिथं जातो, पूर्ण एबीसीडी म्हणतो. मला आपलं लेकरू मागं पडायलंय असं वाटतंय. काय करावं?

दादा, आधी एक सांगते, कर्ज काढू नका. आता का ते सांगते, जरा लांबेल.

सव्वातीन वर्षांच्या लेकराची बोटं अजून पेन्सिल धरायला तयारच झालेली नसतात. ती तयार होतात माती मळून, चिंचोके उचलून, कागद फाडून, शेंगा फोडून, मणी ओवून, एका वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत ओतून. हे न करता आधीच अक्षर गिरवायला बसवलं तर लेकरू पेन्सिल मुठीत धरतं, हात दुखतो, मग रडतं आणि वही दिसली की पळतं. तुम्हाला जे नुसतं गाणं वाटतंय ना त्यातून त्याच्या कानाला आवाज वेगवेगळे ऐकू यायला लागतात, पाणी आणि नाणी यात फरक कुठं आहे ते कळायला लागतं, आणि पुढं वाचन येतं ते याच कानावर येतं. एबीसीडी म्हणणं हेही त्याच्यासाठी एक गाणंच आहे, त्यानं ते पाठ केलंय, म्हणजे त्याला वाचता येतंय असं नाही. भावाच्या पोराला कमी लेखत नाही मी, लेकरू हुशारच असणार, पण त्यावरून तुमचा मागं पडला असं होत नाही.

एक प्रसंग सांगते. माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्याकडं असलेल्या अंगणवाड्यांपैकी एका गावात एक मुलगी होती, बाहेरच्या नर्सरीतून वर्षभरानं परत अंगणवाडीत आली कारण फी झेपली नाही. तिला शंभरपर्यंत आकडे म्हणता यायचे. मी तिच्यापुढं चिंचोके ठेवले आणि म्हणलं मला पाच दे, तर तिनं मूठ भरून दिली. आणि तहान लागली तर पाणी मागायची नाही, गप बसून राहायची, कारण तिथं मराठीत बोलू द्यायचे नाहीत आणि इंग्रजीत मागता येत नव्हतं. तीन महिने लागले तिला मोकळं व्हायला. मला त्या लेकराचा चेहरा अजून आठवतो.

अंगणवाडी म्हणजे खिचडीचं केंद्र असं आपल्याकडं का झालं हे मला कळतं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून तिच्यात सहा सेवा आहेत, पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आयांना आरोग्य-आहाराची माहिती आणि ३ ते ६ वयाच्या लेकरांचं पूर्वप्राथमिक शिक्षण. आहार डोळ्याला दिसतो, शिक्षण दिसत नाही. पण मूळ शब्दच शिक्षणातून आलाय. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ होत्या, गरिबाघरची लेकरं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच लेकरांच्या अंगणात नेली आणि महागाच्या साधनांऐवजी दगड, बिया, पानं, शंखशिंपले वापरून शिकवलं. तुमच्या गावात जे चाललंय ते त्याच घराण्यातलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, त्यात अंगणवाडीची तीन वर्षं आली, आणि हे शिकणं खेळातून अन् घरच्या भाषेतून व्हावं असंच म्हणलंय.

आता तुमची अंगणवाडी चांगली चालते का, हे मी इथून सांगू शकत नाही, ते तुम्हीच बघा. एक दिवस कामाला दांडी मारून तासभर तिथं बसा. सेविका लेकरांशी बोलते का, लेकरं तिच्याशी बोलतात का, गोष्ट होते का, खेळणी कपाटात कुलपात आहेत का लेकरांच्या हातात, एवढंच बघायचं. खेळणी कुलपात असतील तर भांडायला जाऊ नका, फुटली तर जबाबदारी तिच्यावर येते म्हणून ती घाबरते, पालक सभेत सगळ्यांनी मिळून म्हणा की फुटली तर आम्ही भरून देऊ. तिच्याकडं रजिस्टरं, मोबाईलवरचं पोषण ट्रॅकर, सर्व्हे, वजनं असं इतकं काम असतं की शिकवायचा वेळ त्यातच जातो. आठवड्यातून एक दिवस एका आईनं नाहीतर आजोबानं जाऊन अर्धा तास गोष्ट सांगितली तर तिला केवढा आधार होतो. माझ्या एका गावात एक म्हातारे बाबा यायचे, बैलांच्या गोष्टी सांगायचे, त्या दिवशी पटावरची सगळी लेकरं हजर.

आणि घरी. तुम्ही शेतात जाता तेव्हा त्याला बोलत बोलत न्या. हे तुरीचं पान, हे सोयाबीनचं, कुठलं मोठं, किती शेंगा, आज ढग का आले. त्याच्या प्रश्नाला गप बस म्हणू नका. रोज रात्री झोपताना एक गोष्ट. २२ हजारांत जे मिळत नाही ते यात मिळतं, हे मी मनापासून सांगते. इंग्रजी येईल हो, आधी त्याला त्याच्या भाषेत भरपूर बोलू द्या. त्या पैशातून त्याला अंडी, शेंगदाणे, दूध घाला.

आम्ही धारूरकडचे, ऊसतोडीला जातो, नवरा-बायकोचा एक कोयता आहे आमचा. मोठी पोरगी दुसरीला, बारकं पावणेतीन वर्षांचं. सासूबाईला नीट दिसत नाही. पोरीला गावातच हंगामी वसतिगृहात ठेवणार, पण बारक्याला तिथं घेत नाहीत. नेलं तर उसाच्या फडात हाल, ठेवलं तर इथं कोण बघणार. मागच्या साली पोरीलाच सोबत नेलं होतं त्याला सांभाळायला, तिची शाळा बुडाली. काय करू ताई?

माय, तुझं पत्र दोनदा वाचलं. पोरीला या वर्षी शाळेत ठेवायचं ठरवलंस हे फार चांगलं केलंस, त्यावरून आता मागं फिरू नकोस, कुणी कितीही म्हणलं तरी.

बारक्याला ने. दिसत नसलेल्या सासूच्या जिवावर पावणेतीन वर्षांचं लेकरू पाच-सहा महिने ठेवायचं म्हणजे दोघांनाही धोका, विहीर आहे, चूल आहे, रस्ता आहे. आईपासून इतके दिवस तुटलेलं लेकरू खाणं सोडतं हेही मी बघितलंय. पण नेताना तयारी करून ने.

गाव सोडायच्या आधी अंगणवाडीत जाऊन त्याचं वजन-उंची करून घे, दंडाचा घेर मोजून घे. दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली असेल, म्हणजे पट्टी लाल दाखवत असेल, तर आधी दवाखाना, मग कारखाना. लस राहिली असेल तर घे, जीवनसत्त्व अ चा डोस पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्याला असतो तो विचार. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेव, फोनमध्ये फोटोही काढून ठेव. सेविकेला सांग की आम्ही अमुक कारखान्याला चाललोय, पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतर म्हणून नोंद कर. तिकडं पोचलं की जवळच्या गावातली अंगणवाडी शोध. तिथली बाई म्हणाली तुम्ही आमच्या गावचे नाहीत, तर शांतपणे सांग की २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकराला आहार आहे, तो लेकराचा हक्क आहे, कुठल्या एका गावचा नाही. तीन वर्षांच्या आत घरी न्यायचा आहार मिळतो, तीन पूर्ण झाल्यावर तिथं बसून नाश्ता आणि गरम जेवण. तुझं तर हंगामातच तीनचं होईल. रेशनही तिकडच्या दुकानात उचलता येतं, एक देश एक रेशनकार्ड झाल्यापासून, फक्त आधार जोडलेलं आहे का ते इथंच बघून घे.

आता फडातलं. पहाटे चारला थंडीत लेकराला पाचटावर निजवून तुम्ही तोडायला लागता आणि मागून ट्रॅक्टर येतो. किती अपघात असेच झालेत, मी लिहीत बसत नाही. याला एकच उपाय मला चालताना दिसलाय आणि तो उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे घेतानाच करावा लागतो, नंतर कुणी ऐकत नाही. तुमच्या टोळीत दहा-बारा कोयते असतील तर सात-आठ बारकी लेकरं असणारच. सगळ्या बायांनी मिळून टोळी नेणाऱ्या मुकादमाला आत्ताच सांगायचं की एक बाई कोपीवर, म्हणजे झोपडीपाशी राहून लेकरं बघेल आणि तिचा हिशोब सगळ्यांच्या कोयत्याच्या कमाईतून थोडा थोडा निघेल. एकटी बोललीस तर मुकादम उडवून लावील, आठ जणी बोलल्या तर त्याला टोळी फुटायची भीती असते. लातूरकडच्या एका टोळीनं असं केलं होतं, वयस्क बाई ठेवली, तिला तोडणी झेपत नव्हती पण लेकरं जीव लावून बघायची, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत एकाही लेकराला खरचटलं नाही. ती त्यांना उसाच्या कांड्या मोजायला लावायची, राखेत बोटानं चित्रं काढायला लावायची. ती पण अंगणवाडीच होती.

संध्याकाळी तू दमून येतेस, मला माहीतंय, तरी भाकरी थापताना त्याला जवळ बसव आणि आज काय काय बघितलं एवढं विचार. पिठाचा एक गोळा दे हातात.

बाई, नातू तीन वर्षांचा झाला तरी आई, बाबा, पाणी एवढंच बोलतो. मुलगा-सून म्हणतेत मोबाईल बघून बघून असं झालंय, बोलेल हळूहळू. आमच्याकडं म्हणतेत मुलं उशिराच बोलतेत. थांबावं का? (अहमदपूर तालुका)

आबा, थांबू नका. दोन वर्षांच्या आसपास लेकरू दोन शब्द जोडतं, आई दूध, बाबा चल असं. तीनला तीनच शब्द म्हणजे तपासायला पाहिजे, मुलगा असो का मुलगी. सगळ्यात आधी कान. मागून ताटली वाजवली तर वळतो का बघा, पण वळला म्हणून निश्चिंत होऊ नका, काही आवाज ऐकू येतात काही येत नाहीत असंही असतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडं जन्मतः दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर असं सगळं बघतात, बोलणं त्यात येतं. पथक यायला वेळ असेल तर वाट न बघता सेविकेकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या लवकर उपचार केंद्रात जा. तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात. लवकर गेलेलं लेकरू आणि पाच वर्षांचं होऊन आलेलं लेकरू यांच्यात फार फरक पडतो आबा, मी दोन्ही बघितलीत.

मोबाईलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं म्हणणं असं आहे की दोन वर्षांच्या आत स्क्रीन जवळजवळ नकोच आणि त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला तासापेक्षा जास्त नको. फोन एकटाच बोलतो, लेकराला उत्तर देत नाही. तुम्ही घरी असता ना, तर हे काम तुमचं. त्याला मांडीवर घ्या, तोंडासमोर तोंड ठेवून बोला, तो पाणी म्हणला की तुम्ही म्हणा “थंड पाणी पाहिजे का?” आणि थांबा, त्याला वेळ द्या. त्याच्या चुका काढू नका, चिडवू तर कुणालाच देऊ नका.

नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी आत्महत्या केली. दोन लेकरं, चार आणि सहा वर्षांची. मजुरी करते. लेकरांसाठी काही मिळतं का? (गंगाखेड)

ताई, मिळतं. बालसंगोपन योजना, एका लेकरामागं महिन्याला २,२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत, आईवडिलांपैकी एकच असलेल्या लेकरांनाही आहे. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज मिळतो, मंजुरी बालकल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, लेकरांचे जन्मदाखले, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुक, रहिवासी हे जुळवून ठेवा. एजंटाला एक रुपया देऊ नका. चारच्या लेकराला अंगणवाडीत रोज पाठवा, जेवण होतं आणि तुम्ही मजुरीला असताना काही तास तरी ते सुरक्षित असतं. आणि लेकरांना बापाबद्दल बोलू द्या, ते विचारतील तेव्हा विषय बदलू नका. तुम्ही एकट्या हे सगळं ओढताय, माझा फोन संपादकांकडं आहे, कधीही करा.

आमच्या तांड्यावर अंगणवाडीच नाही. मेन गाव अडीच किलोमीटर, मध्ये ओढा. पावसाळ्यात लेकरं जातच नाहीत. (मुखेड)

सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००६ चा आदेश आहे, वस्तीवर सहा वर्षांखालची ४० लेकरं असतील आणि अंगणवाडी नसेल तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यायची. तर आधी लेकरांची यादी करा, नाव, वय, आईचं नाव, घरटी फिरून, तांड्यातल्या शिकलेल्या पोरींना सोबत घ्या. ४० भरत नसतील तरी अर्ज करा, लहान वस्तीसाठी मिनी अंगणवाडीचा निकष १५० लोकसंख्येपासून आहे. ग्रामसभेत ठराव घ्या, बाया जास्तीत जास्त घेऊन जा. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या नावानं करा, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला, ओढ्याला पाणी असतानाचा फोटो जोडा. जागेचं विचारतील, तर मंदिराचा सभामंडप नाहीतर कुणाची रिकामी खोली आधीच लेखी घेऊन ठेवा. आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका, ते तीन महिने त्या तारखेपासूनच मोजायचेत.