रॉटवायलर, सोसायटीचा ठराव आणि मालकाच्या हातातली साखळी

प्रश्न : पुण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत सातव्या मजल्यावर आमची मालकीची सदनिका आहे. आमच्याकडे चार वर्षांचा रॉटवायलर आहे, त्याचे नाव बंड्या. गेल्या महिन्यात लिफ्टचे दार उघडताच साखळीची कडी निसटली आणि त्याने पार्सल घेऊन आलेल्या मुलाच्या पोटरीला चावा घेतला. दातांच्या दोन खुणा उमटल्या, टाके पडले नाहीत. आम्ही त्याला दवाखान्यात नेले व पहिल्या इंजेक्शनचे पैसे दिले. त्यानंतर संस्थेच्या विशेष सर्वसाधारण सभेने ठराव केला की, केंद्र सरकारची २३ जातींवर बंदी असल्यामुळे आम्ही १५ दिवसांत कुत्रा हलवावा, अन्यथा रोज ५०० रुपये दंड भरावा आणि तोवर त्याला लिफ्टमधून नेऊ नये. संस्थेवर दावा लावावा काय? दरम्यान त्याला म्हापशाला मुलीकडे ठेवले तर चालेल काय?

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रकरणे एकमेकांत मिसळली आहेत. संस्थेविरुद्धची आपली बाजू बळकट आहे. लिफ्टच्या दारात जे घडले त्याबाबत ती कमजोर आहे. आपण सगळा जोर पहिल्या प्रकरणावर लावलेला दिसतो. माझा सल्ला नेमका उलट राहील.

आधी ठरावाचा आधार पाहू. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये एका याचिकेच्या संदर्भात केंद्राला धोकादायक मानल्या जाणाऱ्या जातींविषयी तीन महिन्यांत निर्णय घेण्यास सांगितले होते. त्यानंतर १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, केन कोर्सो आदी २३ जातींची आयात, पैदास व विक्री थांबवावी आणि ज्यांच्याकडे असे कुत्रे आधीपासून आहेत त्यांनी त्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे, असे कळवले. म्हणजे ते पत्र पूर्णपणे लागू असते तरीही घरात वाढलेला कुत्रा घराबाहेर काढा, असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. आपल्या संस्थेने हे पत्र वाचण्याऐवजी त्याच्याविषयी ऐकून ठराव केलेला दिसतो.

आता ते पत्रही उरलेले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्चमध्ये त्याला स्थगिती दिली आणि १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द केले. श्वानपालक, पैदासकार व संबंधित संघटनांचे म्हणणे न ऐकता एवढा व्यापक निर्णय घेता येत नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. पाठोपाठ दिल्ली उच्च न्यायालयात केंद्रानेच लोकांच्या हरकती मागवल्या नव्हत्या हे मान्य केले आणि तेथेही ते पत्र बाजूला सारण्यात आले. हरकती मागवून नव्याने निर्णय घेण्याची मुभा तेवढी सरकारला राहिली. ज्याने पत्र काढले त्यानेच त्यातील उणीव कबूल केल्यावर ते बंगळुरूत रद्द आणि पुण्यात लागू, असे मानायला जागा राहत नाही. तसेही ती यादी घाईत केलेली वाटते. तिच्यात तोसा इनू आणि जपानी तोसा ही नावे वेगवेगळी आली होती. ही एकच जात आहे, आणि जपानीत इनू म्हणजे कुत्रा. शिवाय नुसते टेरियर असेही एक नाव होते, त्यात मांडीवर बसणारी कुत्रीसुद्धा सापडली असती.

संस्थेच्या अधिकाराविषयी थोडक्यात सांगतो. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहसंकुलाला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, कुत्र्याच्या जातीवरून किंवा आकारावरून भेदभाव करता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही. या सूचना म्हणजे विधिमंडळाचा कायदा नव्हे, हे मी लपवणार नाही. परंतु निवासी संकुलातील अशी सरसकट मनाई बेकायदेशीर असल्याचे केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलेले आहे, आणि दंडाच्या बाबतीत तर आपल्याला एवढे लांब जाण्याचीही गरज नाही. दंड हा उपविधींच्या भंगाबद्दल असतो आणि त्याआधी सभासदाला कारणे दाखवा नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. आपल्याला अशी नोटीस मिळाल्याचे पत्रात दिसत नाही. ठराव मागे घेतला गेला नाही तर उपनिबंधकांकडे तक्रार आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद, हे मार्ग आपल्याला मोकळे आहेत.

एवढे वाचून आपल्याला हायसे वाटले असेल, तर आता चाव्याकडे वळतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ असे सांगते की, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मनुष्याच्या जिवाला किंवा त्याला गंभीर दुखापत होण्याचा संभाव्य धोका टाळण्यास पुरेशी खबरदारी जाणूनबुजून किंवा हयगयीने न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कलमात कोणत्याही जातीचे नाव नाही. त्याच्या जोडीला कलम १२५ आहे. बेदरकार किंवा हयगयीच्या कृत्याने दुखापत झाल्यास त्याखालीही सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. दातांच्या दोनच खुणा आहेत, हा आपला बचाव कलम २९१ पुरता काही अंशी चालेल, कारण ते कलम जिवाच्या किंवा गंभीर दुखापतीच्या धोक्याविषयी बोलते. मात्र तेथे प्रश्न झालेल्या जखमेचा नसून संभाव्य धोक्याचा आहे, आणि चाळीस-पन्नास किलोच्या रॉटवायलरची साखळी लिफ्टच्या दारात सुटली तर काय होऊ शकते, हे न्यायाधीशांना समजावून सांगावे लागत नाही.

याच ठिकाणी बंदी रद्द झाल्याचा आनंद मावळतो. बंदीच्या यादीतून गेलेली जात खबरदारीच्या मोजमापातून परत येते. मुंबईत २०१० साली एका रॉटवायलरने मालकाच्या वयोवृद्ध नातेवाइकाला चावे घेतले होते. त्या प्रकरणात दंडाधिकारी न्यायालयाने २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. एवढा आक्रमक कुत्रा सांभाळणाऱ्याने किती सावध असायला हवे होते, असा त्या निकालाचा रोख होता. उलट वरळीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये शेजाऱ्याला चावलेला कुत्रा हस्की होता. केंद्राच्या २३ नावांत हस्की नव्हताच, तरीही २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. दोन्ही निकाल दंडाधिकारी न्यायालयांचे आहेत, ते इतर न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. पण आपली घटनाही लिफ्टच्याच दारातली असल्याने ते आपण नीट वाचावेत.

बंदी असावी की नसावी याविषयी माझे मत विचाराल, तर जन्मावरून शिक्षा देणारा नियम मला पटत नाही. ब्रिटनने १९९१ साली चार जातींची यादी करून कायदा केला आणि २०२३ च्या अखेरीस त्यात एक्सएल बुलीची भर घालण्याची पाळी त्याच्यावर आली. एका जातीवर बंदी आली की पैदास करणारे दुसरीकडे वळतात. मात्र मला न पटणारा कायदाही विधानसभेने रीतसर केला तर तो कायदाच असतो, आणि विभागाच्या पत्राला तो दर्जा नसतो. यातच आपल्या म्हापशाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. गोव्यात हणजूण येथे २०२४ मध्ये पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्यानंतर त्या सरकारने पिटबुल व रॉटवायलरवर बंदी आणण्याचे पाऊल उचलले आणि २०२५ मध्ये हिंस्र मानल्या गेलेल्या प्राण्यांविषयीचे विधेयक विधानसभेत आणले. बंड्याला लपवायला आपण नेमके तेच राज्य निवडता आहात. तेथील तरतुदींची सद्यःस्थिती म्हापशातील वकिलाकडून लेखी समजून घेतल्याशिवाय त्याला तेथे पाठवू नये. शिवाय ठराव होताच कुत्रा गायब झाला, तर मालकाला धोका आधीपासून माहीत होता असा अर्थ काढायला समोरचा वकील मोकळा होतो.

आता आपण काय करावे ते सांगतो. सर्वांत आधी त्या मुलाकडे जावे. सरकारी रुग्णालयांत कातडीत दिल्या जाणाऱ्या रेबीज लसीच्या मात्रा घटनेच्या दिवशी आणि पुढे तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. आपण फक्त पहिलीचे पैसे दिल्याचे लिहिता. उरलेल्या तीन फेऱ्यांचे भाडे आणि त्या प्रत्येक दिवशी बुडालेली कमाई, हाच त्याचा खरा तोटा आहे, कारण पार्सलवाल्याला पगारी रजा नसते. ही रक्कम त्याच्या बँक खात्यात जमा करावी आणि पावत्या जपाव्यात. त्याच्याकडून ‘तक्रार करणार नाही’ असे लिहून घेण्याच्या फंदात मात्र पडू नये. त्या कागदाने गुन्हा पुसला जात नाही, उलट दबाव आणल्याचा आरोप ओढवतो. अशा गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत सामान्यतः एक वर्षाची आहे, त्यामुळे महिनाभर तक्रार झाली नाही म्हणजे विषय मिटला, असेही समजू नये.

त्याच आठवड्यात महापालिकेचा श्वान परवाना व रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र तपासून घ्यावे. परवान्याची मुदत संपली असेल तर आपण पत्रात तसे लिहिले नसते, असा माझा अनुभव आहे; म्हणून विशेष सांगतो. कडी निसटलेली साखळी फेकू नये, पण पुन्हा वापरूही नये. पेचाची कडी असलेली नवी साखळी घ्यावी आणि लिफ्टमध्ये व जिन्यात मुसके बांधावे. मुसके बांधण्याची सक्ती संस्था करू शकते की नाही, या वादात आपण पडू नये. ते आपणहून बांधले तर पुढे न्यायालयात आपल्या खबरदारीचा पुरावा ठरते. निर्बीजीकरणाची सक्ती आज नाही, तो निर्णय पशुवैद्याच्या सल्ल्याने घ्यावा. एक धोका आपल्या लक्षात आलेला नसावा : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना धोकादायक प्राणी बंदिस्त करण्याचा, प्रसंगी नष्ट करण्याचाही सशर्त आदेश देता येतो. दुसऱ्यांदा चावा घडला तर संस्थेतील एखादा जाणता सभासद तिकडे जाऊ शकतो, आणि तेथे २३ जातींचे पत्र रद्द झाल्याचा मुद्दा उपयोगी पडणार नाही.

संस्थेला उत्तर पंधरा दिवसांच्या आत द्यावे आणि ते एका पानात आटोपावे. त्यात असे लिहावे : ‘ठरावात उल्लेखिलेले केंद्राचे दि. १२ मार्च २०२४ चे पत्र न्यायालयांनी रद्द केलेले असून त्यात पाळीव कुत्रे हलवण्याचा आदेश कधीही नव्हता. आम्हाला नोटीस व सुनावणी न देता लावलेला दंड आम्हास मान्य नाही. लिफ्टमध्ये कुत्रा मुसके बांधून व आखूड साखळीने नेला जाईल. लिफ्टसमोरील कॅमेऱ्याचे त्या दिवशीचे चित्रण जपून ठेवावे, ही विनंती.’ शेवटचे वाक्य गाळू नये. ते चित्रण आपल्या विरुद्ध जाईल अशी भीती वाटणे साहजिक आहे, पण साखळी हातात होती आणि कडी निसटली, हे दाखवणारा दुसरा पुरावा आपल्याकडे नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर यातले काहीही लिहू नये. दाव्याचा विचार या उत्तराला संस्थेने काय म्हटले ते पाहिल्यावर करू. तोवर पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सचिवांची सही, शिक्का आणि तारीख घेऊन ती प्रत परवान्यासोबत ठेवावी.