थंड दिव्याचा रोध

प्रश्न : १२ व्होल्टच्या बॅटरीवर दिवा लावला, तर अँपिअरमापक २ अँपिअर दाखवतो. म्हणजे रोध ६ ओहम. पण दिवा सुटा काढून मल्टिमीटरने मोजला, तर जेमतेम अर्धा ओहम! खरं काय मानायचं?

उत्तर : दोन्ही. प्रयोगशाळेत मुलं मीटरलाच दोष देतात. तुम्ही आकड्यांवर शंका घेतलीत, याचा मला फार आनंद झाला. दिव्यातली तार टंगस्टनची. पेटल्यावर ती दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि तिचा रोध दहापटीहून अधिक वाढतो. मल्टिमीटरने तुम्ही मोजली ती थंड तार.

शक्ती काढताना मात्र जपा. व्होल्ट गुणिले अँपिअर : १२ × २ = २४ वॅट. हे बरोबर, कारण दोन्ही मापं पेटत्या दिव्याची आहेत. व्होल्टच्या वर्गाला थंड रोधाने भागलंत, तर १४४ ÷ ०.५ = २८८ वॅट येतील. बटण दाबताक्षणी तेवढी शक्ती क्षणभर खेचली जातेही, म्हणून तर जुने दिवे बहुधा लावतानाच जातात. तार तापली की विद्युतधारा २ अँपिअरवर स्थिरावते.

जमल्यास ३, ६, ९ व्होल्टवर धारा मोजून आलेख काढा. रेषा सरळ येणार नाही, वाकेल.