मुलीचं नाव 'सई' ठेवायचं आहे. नेमका अर्थ काय? 'साई'शी संबंध आहे का? आणि जुनाट तर वाटणार नाही ना?

सई म्हणजे सखी, मैत्रीण. नावांच्या याद्यांत 'फूल', 'देवी' वगैरे अर्थ दिसले तर खुशाल सोडून द्या.

मूळ शब्द संस्कृत 'सखी'. प्राकृतात शब्दाच्या मध्ये आलेल्या ख, घ, ध, भ यांचा बहुधा नुसता ह उरतो. मुखाचं मुह झालं, वधूची वहू झाली, तशी सखीची सही. हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती' या जुन्या प्राकृत कवितासंग्रहात बायका मनातलं गुज सांगताना 'सहि' अशीच हाक मारतात, आणि ती भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. पुढे तो ह सुद्धा गळला. ओव्यांमधलं 'सये' हे याच सईचं संबोधन. बंगालीतही जिवाभावाच्या मैत्रिणीला सई म्हणतात, फक्त उच्चार 'शोई' असा काहीसा. हिंदीतली सहेली याच घरातली.

थोडी गंमत अशी की प्राकृतात 'सती' आणि 'शती' या दोन्ही शब्दांचंही 'सई'च होतं. वर सांगितलेल्या ग्रंथाचं प्राकृत नाव 'गाहासत्तसई', आणि त्यातली सई म्हणजे चक्क शंभर! त्यामुळे कुणी 'सई म्हणजे सती' म्हणालं तर ते ध्वनिनियमात बसतं. पण मराठीच्या तोंडी राहिली ती मैत्रीण, म्हणून मी सखीच्याच बाजूने.

साई पूर्णपणे वेगळा. तो 'स्वामी'वरून आला, अर्थ धनी, मालक.

जुनाट म्हणाल तर नाव जुनं आहेच. फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या सईबाई या शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी आणि संभाजी महाराजांच्या आई. १६५९ मध्ये त्या राजगडावर वारल्या. पण सई परांजपे, सई ताम्हणकर ही नावं ऐकताना कुणाला इतिहासाचं पुस्तक आठवत नाही. दोन अक्षरी नावांचा तो फायदाच असतो.

खरी अडचण इंग्रजी स्पेलिंगची. एस-ए-आय लिहिलंत तर अमराठी माणूस हमखास 'साई' वाचणार, आणि मुलगा समजण्याचीही शक्यता आहे. म्हणून बरेच पालक शेवटी आयऐवजी दोन ई लावतात. तेही काही जण 'साई'च वाचतील, पण निदान वेगळं नाव आहे हे कळतं. जन्मदाखल्याचा अर्ज भरण्याआधीच हे घरात ठरवून टाका.